पॉलिशपेपर हातात घेण्याआधी

बीएमएक्स, म्हणजे बायसिकल मोटोक्रॉसच्या सायकलीचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण अशी, की हा इतिहास ज्यांनी घडवला ती तेरा-चौदा वर्षांची पोरं होती. त्या वयात कुणी रोजनिशी ठेवत नाही, पावत्या जपत नाही, मोडलेली फ्रेम भंगारात टाकताना तिच्यावरचा नंबर उतरवून घेत नाही. या पोरांसाठी सायकली बनवणारेही बरेचसे घरच्या गॅरेजात वेल्डिंग करणारे बाप होते. रविवारच्या शर्यतीपर्यंत फ्रेम तयार करायची घाई त्यांना होती. दप्तर ठेवायला सवड कुणाला? त्यामुळे १९६९ पासून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या या खेळाचं आज आपल्या हाती काय उरलंय, तर काही मासिकं, काही फोटो, म्हाताऱ्या होत चाललेल्या खेळाडूंच्या आठवणी, आणि सायकली. या पुस्तकाचा सगळा भर या शेवटच्या गोष्टीवर आहे. जुनी बीएमएक्स वाचता येते. आणि वाचण्याआधीच तिला चकाचक केली, तर तिच्यावर लिहिलेलं कायमचं पुसलं जातं.

ज्यांचा या सायकलींशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. शिकागोच्या श्विन कंपनीने १९६३ मध्ये स्टिंग-रे ही मुलांची सायकल बाजारात आणली. वीस इंची चाकं, शिंगांसारखं उंच हँडल, केळ्याच्या आकाराची लांबट सीट. ती घडवली अल फ्रिट्झ या कंपनीच्या माणसाने. पण मुळात कॅलिफोर्नियातली पोरं छोट्या सायकलींना उंच हँडलं लावून फिरतात, हे कानावर आल्यावर त्याला ती सुचली होती. म्हणजे आधी पोरांनी केलं, मग कंपनीने. पुढेही क्रम हाच राहिला. दक्षिण कॅलिफोर्नियात तेव्हा मोटरसायकलींच्या मोटोक्रॉस शर्यतींचं वेड होतं. मोटरसायकल परवडत नाही आणि चालवायचं वयही नाही, म्हणून पोरांनी स्टिंग-रेची मडगार्डं काढली, चेनकव्हर काढलं आणि मातीच्या टेकाडांवरून उड्या मारायला सुरुवात केली. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाम्स पार्कमध्ये रॉन मॅकलर यांच्या मदतीने मुलांच्या शर्यती होऊ लागल्या. १४ नोव्हेंबर १९७० रोजी लाँग बीचमधल्या एका मोकळ्या जागेत स्कॉट ब्राइटहॉप्ट या तेरा वर्षांच्या मुलाने शर्यत भरवली. प्रवेश फी पाव डॉलर. मोटोक्रॉसमध्ये स्वतः जिंकलेल्या ट्रॉफ्या त्याने बक्षीस म्हणून वाटून टाकल्या. पुढच्या वर्षी ब्रूस ब्राउन यांचा ‘ऑन एनी संडे’ हा मोटरसायकलींवरचा माहितीपट आला. त्याच्या सुरुवातीलाच स्टिंग-रेवरून मोटोक्रॉसची नक्कल करणारी पोरं दिसतात. तो पाहून अमेरिकाभरच्या मुलांना कळलं की हे असंही करता येतं.

पहिली शर्यत कुठली, यावर संग्राहकांत आजही हमरीतुमरी होते. मला त्या वादात फारसा रस नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधली मुलं बाँब पडून मोकळ्या झालेल्या जागांवर जुन्या सायकली सोलून शर्यती लावत, आणि त्या खेळाला सायकल स्पीडवे असं नावही मिळालं होतं. मुलं, माती आणि सायकल एकत्र आली की शर्यत होणारच. कॅलिफोर्नियाचं वेगळेपण पुढच्या पायरीवर आहे. तिथे मोडलेल्या सायकलीकडे पाहून कुणीतरी घरी जाऊन वेल्डिंग मशीन सुरू केलं.

बीएमएक्सच्या घडणीची गुरुकिल्ली माझ्या मते मोडतोड हीच आहे. उडी मारून खाली आलं की स्पोकची चाकं आठाच्या आकारात वाकायची. मुलांची ही दैना पाहून स्किप हेस यांनी ओतीव ॲल्युमिनियमचं पाच आऱ्यांचं मोटोमॅग चाक काढलं, आणि त्यातूनच १९७४ मध्ये मंगूस हे नाव पुढे आलं. साध्या पोलादाची फ्रेम हेडट्यूबपाशी, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीपाशी दुमडायची. ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांच्या चासी वेल्ड करणारे गॅरी टर्नर यांनी त्याच क्रोमोलीच्या, म्हणजे मजबूत मिश्र पोलादाच्या नळ्यांतून आपल्या मुलासाठी फ्रेम बनवली. शेजारपाजारच्या पोरांनी तशीच मागितली, आणि पुढे अनाहाइममधले सायकल दुकानदार रिचर्ड लाँग यांच्याबरोबर १९७९ मध्ये जीटी ही कंपनी उभी राहिली. चिमटे वाकायचे, म्हणून मोटरसायकलींच्या फ्रेमी बनवणाऱ्या रेडलाइनच्या लिन कास्टन यांनी क्रोमोली नळीचे चिमटे केले. मग एकसंध घडीव क्रँक वाकू लागले, तेव्हा त्यांनीच १९८० च्या सुमारास पोकळ नळीचे तीन भागांचे फ्लाइट क्रँक आणले. मोठ्या कंपन्याही या खेळात उतरल्या. यामाहाने पुढे-मागे सस्पेन्शन असलेली मोटो-बाइक काढली आणि १९७४ मध्ये गोल्ड कप स्पर्धेची अंतिम फेरी थेट लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये घेतली. पण ती सायकल जड होती. शर्यती जिंकणारी सायकल गॅरेजवाल्यांनी घडवली, आणि दर वेळी काय मोडलं हे पाहून घडवली.

म्हणूनच मोडलेला, वाकलेला, पुन्हा वेल्ड केलेला भाग हा संशोधकासाठी सर्वांत मोलाचा. संग्राहकांची रीत नेमकी उलट आहे, आणि तिच्याशी माझं जुनं भांडण आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. माझ्यासमोर एक फ्रेम आहे. वर कुठलंही स्टिकर नाही, काळा रंग, तोही ब्रशने मारलेला. पहिल्या नजरेत भंगार. मागे डाव्या बाजूच्या खालच्या नळीवर रंग एका अरुंद पट्ट्यात गोलाकार घासला गेलाय: तिथे कोस्टर ब्रेकच्या दांडीची पट्टी आवळलेली होती. म्हणजे सुरुवातीला ही सायकल उलटं पॅडल मारून थांबत असे. वरच्या नळीवर मात्र ठरावीक अंतरावर केबलच्या क्लिपांचे तीन फिकट वण आहेत. नंतर हँडब्रेक आला. पोराने फ्रीव्हीलचं चाक मिळवलं असणार. हेडट्यूबच्या मागे खालच्या नळीच्या तळाशी बोट फिरवलं की किंचित सुरकुती लागते. डोळ्यांना ती दिसत नाही, उजेड तिरपा धरला तरच दिसते. पुढचं चाक कशावर तरी सरळ आदळल्याची ही खूण. फ्रेमबरोबर आलेल्या हँडलच्या आडव्या दांडीवर दोन ठिकाणी क्रोम खरवडलंय, तिथे नंबरप्लेट बांधलेली असे. म्हणजे ही सायकल नुसती गल्लीत फिरली नाही, शर्यतीत उतरली. काळ्या रंगाचा एक टवका उडालाय, त्याखाली निळा, आणि निळ्याखाली क्रोम. क्रोमवर रंग का चढवला? संघाचा रंग असेल, गंज लपवला असेल, चोरीची ओळख पुसली असेल. तिन्ही शक्यता वहीत लिहून ठेवायच्या आणि नळीच्या टोकाचा चपटेपणा, मागच्या पट्टीची जाडी, वेल्डच्या लहरी यांवरून बनवणाऱ्याचा माग काढायला लागायचं.

सुट्या भागांवरचे शिक्के या कामात फार मदतीला येतात. शिमानोच्या भागांवर दोन रोमन अक्षरं सापडतात. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, याप्रमाणे पुढे. महिन्यांतही ए म्हणजे जानेवारी. एच-डी असा शिक्का असेल तर तो भाग एप्रिल १९८३ चा. श्विनच्या फ्रेमींवर १९६५ पासून क्रम उलटा: आधी महिना, मग वर्ष, आणि आय व ओ ही अक्षरं गाळलेली. ई-एफ म्हणजे मे १९७०. पण इथे एक खाच आहे. श्विनच्या कारखान्यात नंबर फ्रेम जोडण्याआधीच ठोकले जात. तेव्हा नंबर सांगतो तो ठोकण्याचा दिवस. सायकल तयार होऊन दुकानात कधी गेली, हे त्यावरून कळत नाही. आणि फ्रेम १९८० ची, फ्रीव्हील १९८३ चं निघालं, तर बरेच संग्राहक म्हणतात, हा भाग चुकीचा, काढा, १९८० चाच शोधून बसवा. मला हे पटत नाही. तो भाग तीन वर्षांनी कुणीतरी पैसे साठवून घेतलाय. कॅटलॉगमध्ये छापलेली सायकल आपल्याला माहीत आहेच. मुलाने प्रत्यक्षात चालवलेली सायकल कुठेच छापलेली नाही.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला मला वि. का. राजवाड्यांची आठवण पुरते. त्यांनी बखरींवर विसंबायचं नाकारलं आणि गावोगाव फिरून अस्सल पत्रं गोळा केली. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ खंडाखंडाने निघू लागली. आमच्या या लहानशा क्षेत्रात जुन्या खेळाडूंच्या आठवणी म्हणजे बखरी. त्या रसाळ असतात, त्यांच्यामुळे माणसं कळतात. पण चाळीस वर्षांनी सांगितलेलं साल एक-दोन वर्षांनी हमखास सरकतं, आणि हरलेली शर्यत थोडक्यात हुकलेली होते. फ्रेम हा अस्सल कागद. बखर टाकून द्यायची नसते, कागदाशी ताडून पाहायची असते.

मासिकं या दोन्हींच्या मधली. एलेन होल्ट यांनी १९७४ मध्ये ‘बायसिकल मोटोक्रॉस न्यूज’ सुरू केलं. १९७६ च्या अखेरीस बॉब ऑस्बॉर्न यांचं मासिक आलं, तेच पुढे ‘बीएमएक्स ॲक्शन’ या नावाने गाजलं. त्यांची मुलगी विंडी ऑस्बॉर्न हिने काढलेल्या फोटोंवर या खेळाची दृश्य ओळख उभी आहे, असं मी बेधडक म्हणेन. पोरांचा खेळ म्हणून ज्याची नोंद झाली, त्याची कागदोपत्री आठवण बऱ्याच अंशी दोन बायकांनी राखली, आणि शर्यतीत चेरी इलियटसारखी मुलगी मैदान गाजवत होती, याचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी होतो. मासिकं वाचताना सावधगिरी एवढीच, की जाहिरातीतली सायकल पुष्कळदा नमुन्यादाखल बनवलेली असते आणि तशीच्या तशी विक्रीला येत नाही. शिवाय मुखपृष्ठावरचा महिना आणि फोटो काढल्याचा महिना यांत अंतर असतं. शर्यतीच्या फोटोत कडेला उभी असलेली, कुणाचंच लक्ष नसलेली सायकल जाहिरातीपेक्षा जास्त भरवशाची.

कंपन्यांच्या दप्तरांचं काय झालं, हा प्रश्न वाचकाला पडेल. नावं विकली गेली. श्विनने १९९२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. जीटीचे रिचर्ड लाँग १९९६ मध्ये मोटरसायकल अपघातात गेले; १९९८ मध्ये जीटी श्विनच्या नव्या मालकांकडे आली, आणि २००१ मध्ये दोन्ही मिळून बुडाल्या, पॅसिफिक सायकलकडे गेल्या. मंगूस त्याआधीच तिथे पोहोचली होती. २००४ मध्ये पॅसिफिकच कॅनडाच्या डोरेलने घेतली, आणि २०२२ च्या सुरुवातीला हा सगळा संसार नेदरलँड्सच्या पॉनकडे गेला. मैदानात एकमेकांशी झुंजणारी तीन नावं अशी एका छपराखाली आली. दर विक्रीत नाव आणि बोधचिन्ह जपून नेलं जातं, कारण त्याला किंमत येते. १९७९ मध्ये कुठल्या फ्रेमला कुठला नंबर दिला याच्या वहीला येत नाही. त्यात दुसऱ्याच्या नावाने सायकली बनवण्याची पद्धत होती. सायकलवर कसरती करणारे बॉब हारो यांची १९८२ ची फ्रीस्टायलर ही खास कसरतींसाठी काढलेली पहिली फ्रेम मानली जाते. ती बनवली टॉर्कर या दुसऱ्याच कंपनीने. फ्रेमवरचं नाव आणि वेल्ड करणारा हात वेगळे असू शकतात, हे लक्षात ठेवलं नाही तर ओळख हमखास चुकते. अलीकडे कंपन्या स्वतःच जुन्या मॉडेलांच्या नव्या आवृत्त्या काढतात. पीके रिपर, फ्रीस्टायलर, प्रो परफॉर्मर, सगळ्यांच्या निघाल्या. चालवायला त्या उत्तम असतात. पण वीस वर्षांनी त्यांच्यावर ओरखडे पडतील, स्टिकरं फिकटतील, आणि अस्सल-नकलेचा गोंधळ वाढेल. म्हणून नव्यांचीही नोंद आजच व्हायला हवी.

आता जतनाबद्दल, जरा विस्ताराने, कारण सर्वाधिक नुकसान प्रेमापोटीच होतं.

जुनी फ्रेम हाती आली की पहिल्यांदा कॅमेरा, मोजपट्टी आणि वही. नंबरवरची माती मऊ ब्रशने काढायची, तारेच्या ब्रशने कधीच नाही. स्टिकरवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून त्याची बाह्यरेषा आणि जागा उतरवायची. नव्याने छापलेल्या स्टिकरांत अक्षरांची जाडी आणि रंग बहुधा चुकतात, तेव्हा फाटकं मूळ स्टिकरच जागेवर राहू द्यावं. पुन्हा क्रोम करून घेण्याचा मोह तर टाळाच. मुलाम्याआधी जुना थर ॲसिडने उतरवतात आणि धातू बफवर घासतात. त्यात आधीच पातळ असलेली क्रोमोलीची नळी आणखी झिजते, ठोकलेला नंबर बुजतो, वेल्डच्या लहरी सपाट होतात. म्हणजे ज्यावरून बनवणारा ओळखायचा तेच जातं. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून चोळली की निघतो, कारण ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्याने चरे पडत नाहीत. आतल्या बाजूने खात आलेल्या गंजाला नळीत पातळ तेल सोडणं पुरे.

धातू खरं तर सोशिक असतो. आधी मरतं ते प्लास्टिक आणि रबर. रेडिंगच्या स्कायवे कंपनीची टफ व्हील ही नायलॉनची चाकं आज फार मागणीत आहेत. पांढरी असतील तर ती उन्हाने पिवळी पडतात, आणि मग लोक ती कपड्याच्या रंगात उकळून निळी-लाल करतात. चाक सुंदर दिसतं, पण मूळ रंग कोणता होता हे पुन्हा कुणाला सांगता येत नाही. फ्रेम, हँडल आणि स्टेमवर बांधायच्या गाद्यांतला फोम भुगा होतो. बाहेरचं कापड वेगळं काढून सपाट ठेवलं तर निदान छपाई वाचते. टायरच्या तपकिरी कडा तडकतात, ग्रिप कडक होतात. ॲनोडाइझ केलेले लाल आणि जांभळे भाग उन्हात गुलाबी पडतात, म्हणून दुकानाच्या काचेत किंवा खिडकीजवळ सायकल मांडू नये. या वस्तूंना औषध नाही. सावली, कोरडी हवा आणि कमीत कमी हाताळणी, इतकंच करता येतं.

हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं राहिलं नाही. ओसाकाच्या कुवाहारा कंपनीच्या सायकली १९८२ च्या ‘ई.टी.’ मध्ये जगभर दिसल्या, आणि त्या चित्रपटात सायकल चालवणाऱ्या स्टंटवाल्यांत स्वतः बॉब हारो होते. त्याच वर्षी नॉटिंगहॅमच्या रॅलेने बर्नर आणली आणि ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीचं बालपण तिच्यावर गेलं. डेटनला १९८२ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. २००८ मध्ये बीजिंगला हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला. अमेरिकेतल्या मध्यवर्ती संघटनेने तुल्सामध्ये स्टेडियम आणि हॉल ऑफ फेम उभारलाय, ही समाधानाची गोष्ट आहे. तरी विजेत्यांच्या सायकली काचेत जातात. हरणाऱ्यांच्या सायकली मालकांच्या तळघरात, पत्र्याच्या शेडमध्ये पडून असतात, आणि शर्यतीत हरणारेच जास्त होते. पुण्यात कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी सायकलींचं जे संग्रहालय उभं केलंय, तिथे जाऊन आलेल्यांना हे पटेल: लोकांच्या रोजच्या वापरातली वस्तू जपायला एखादा झपाटलेला माणूस लागतो, सरकारी खातं नव्हे.

वेळ मात्र फार नाही. स्कॉट ब्राइटहॉप्ट २०१५ मध्ये गेले. त्यांच्याबरोबर लाँग बीचच्या त्या मातीत उतरलेली मुलं आता सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांना भेटणाऱ्या तरुण संशोधकांना माझं सांगणं असं, की ‘तुमची सर्वांत मोठी शर्यत कोणती?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. त्याचं उत्तर त्यांनी शंभरदा दिलेलं असतं. आधी विचारा, की सायकलचं काय मोडायचं, ते कोण दुरुस्त करून द्यायचं, त्याचे पैसे कोण भरायचं, शर्यतीला कुणाच्या गाडीतून जायचात, तुटलेल्या फ्रेमचं पुढे काय केलंत. या प्रश्नांना तयार उत्तर नसतं, माणूस थांबून आठवतो. शक्य असेल तर सायकल समोर ठेवून बोला. हात हँडलवर गेला की दुकानाचं, वेल्डरचं नाव आठवतं.

आणि मराठी वाचकांकडे एक मागणी. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत गेलेली आपली कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि त्यांची मुलं याच काळात तिथल्या गल्ल्यांत वाढली. घरच्या जुन्या अल्बममध्ये वाढदिवसाच्या, ड्राइव्हवेच्या, बर्फाच्या फोटोंत मागे एखादी वीस इंची सायकल टेकवलेली दिसली, तर तो फोटो स्कॅन करा, दोन्ही बाजूंनी. त्या काळच्या कितीतरी अमेरिकन प्रिंटच्या कडेला किंवा पाठीमागे धुलाईचा महिना आणि साल छापलेलं असतं. चेहरे मध्यभागी यावेत म्हणून फोटोच्या कडा कापू नका. आम्हाला हवं असलेलं चाक बहुधा त्या कडेलाच असतं.